फडताळातली बिअरची बाटली : भीती कुठे, धोका कुठे?

लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू नये, तूप कोरड्या चमच्याने काढावे, शेंगदाण्याचे कूट उन्हाळ्यात फार दिवस ठेवू नये, हे आपल्याकडे कोणी ना कोणी सांगतच असते. बिअरच्या बाटलीबद्दल सांगणारे मात्र कोणी नसते. ती पुष्कळ घरांत असते; परंतु तिचा उल्लेख दबक्या आवाजात होतो. कुठे ती परगावाहून येणाऱ्या मुलासाठी आणलेली असते, कुठे पाहुण्यांची मेजवानी झाल्यावर उरलेली असते, तर कुठे ‘मुतखड्यावर उतारा’ म्हणून आजोबांच्या फडताळात मागच्या रांगेत उभी असते. ज्या गोष्टीविषयी मोकळेपणाने विचारता येत नाही, तिच्याविषयी ऐकीव माहितीच प्रमाण ठरते. बिअरच्या साठवणुकीचे तसेच झाले आहे.

या ऐकीव समजुतींचे दोन गट पडतात. काही समजुती माणसाला विनाकारण घाबरवतात, तर काही त्याला नको तिथे निर्धास्त करतात. गंमत अशी, की घरातील माणसे ‘बिअर बिघडली तर काय होईल’ या चिंतेत असतात आणि खरा धोका बाटलीच्या काचेत, तिच्या शेजारी ठेवलेल्या औषधांत आणि ती रिकामी झाल्यावर तिच्यात भरलेल्या पदार्थांत लपलेला असतो. ज्या घरात वयोवृद्ध व्यक्ती आहेत, तिथे हा फरक ओळखणे अगत्याचे आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावी. हा लेख बिअरची भलामण करण्यासाठी नाही. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे पूर्णतः निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. परंतु जी वस्तू घरात आहेच, ती कशी ठेवावी आणि केव्हा टाकून द्यावी, याचे ज्ञान असणे केव्हाही हिताचेच.

समजूत पहिली : जितकी जुनी, तितकी चांगली

ही समजूत वाइन आणि व्हिस्की यांच्या कीर्तीतून आलेली आहे. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते, काही वाइन वर्षानुवर्षे बाटलीत पक्व होतात. म्हणून बिअरही तशीच असेल, असे गृहीत धरले जाते. वास्तविक बिअर ही मोड आलेले जव, हॉप नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी यांपासून तयार होणारी नाशवंत वस्तू आहे. साठवणुकीच्या बाबतीत तिचे नाते व्हिस्कीपेक्षा पावाशी अधिक जवळचे आहे.

आपल्याकडे मिळणारी बहुतेक बिअर ‘लागर’ प्रकारातील असते. या शब्दाच्या मुळाशी ‘साठवणे’ या अर्थाचे जर्मन क्रियापद आहे. मात्र ही साठवण थंड तळघरांत, बाटली भरण्यापूर्वी होत असे आणि आजही ती कारखान्यातच पूर्ण होते. बाटलीला टोपण बसले, की मुरण्याचा काळ संपतो आणि शिळे होण्याचा काळ सुरू होतो. बेल्जियम किंवा इंग्लंडमधील काही तीव्र, बाटलीतच यीस्ट शिल्लक ठेवलेल्या बिअर काही वर्षे ठेवल्यावर खुलतात, हे खरे; पण तो अपवाद आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली बाटली त्या कुळातील नसते. तिच्यावर छापलेली मुदत, जी बहुधा सहा महिन्यांच्या आसपास असते, तेवढीच तिची उमेद.

शिळेपणाचे मुख्य कारण म्हणजे बाटलीत राहून गेलेला किंचितसा प्राणवायू. त्याच्यामुळे तेल जसे खवट होते, तशी बिअरही हळूहळू बदलते आणि तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. ही क्रिया उष्णतेने झपाट्याने वाढते. बिअरच्या व्यवसायात यासाठी एक ढोबळ आडाखा वापरला जातो : सुमारे ३ अंश सेल्सिअस तापमानात ३०० दिवसांत जेवढा शिळेपणा येतो, तेवढा २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३२ अंशांना अवघ्या ३ दिवसांत येतो. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो. अशा वेळी माळ्यावर, गच्चीलगतच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेल्या बाटलीवरील मुदतीला फारसा अर्थ उरत नाही.

समजूत दुसरी : तपकिरी काच आहे, मग उजेडाची काळजी कशाला?

खोकल्याच्या औषधाची बाटली तपकिरी असते आणि बिअरचीही, याचे कारण एकच आहे. ही काच प्रकाशातील निळा आणि अतिनील भाग बराचसा अडवते. हॉपच्या फुलांतील कडू द्रव्ये बिअरला चव देतात आणि काही जंतूंना आळाही घालतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लंडनहून जहाजाने मुंबई-कोलकात्याला येणारी बिअर महिनोन्‌महिन्यांचा प्रवास सोसू शके, त्यात या फुलांचा मोठा वाटा होता. पण हीच द्रव्ये उजेडाला मात्र बळी पडतात. बिअरमध्ये असलेले ब-२ जीवनसत्त्व प्रकाश शोषून घेते, त्या ऊर्जेने कडू द्रव्यांचे रेणू तुटतात आणि त्यांचा गंधकयुक्त संयुगांशी संयोग होऊन एक उग्र दुर्गंधी द्रव्य तयार होते. उत्तर अमेरिकेतील स्कंक हा प्राणी जी दुर्गंधी फवारतो, तिच्याशी या द्रव्याचे जवळचे नाते आहे. लिटरभर बिअरमध्ये ते काही नॅनोग्रॅम एवढेच असले, तरी नाकाला जाणवते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना आणि बेल्जियममधील गेंट येथील रसायनशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये या बदलाचे टप्पे उलगडून दाखवले.

तपकिरी काच हा बदल पुष्कळ लांबवते. परंतु संपूर्ण थांबवत नाही. हिरवी आणि पांढरी काच तर नावापुरतीच ढाल असते. पांढऱ्या काचेतील बिअर कडक उन्हात काही मिनिटांतही बिघडू शकते. ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडानेही हे घडते, फक्त सावकाश. म्हणून बाटली खिडकीपासून दूर, बंद कपाटात किंवा खोक्यात ठेवावी. या बिघाडाने प्रकृतीला अपाय होत नाही. बिघडतो तो केवळ वास.

समजूत तिसरी : एकदा गार केली, की पुन्हा बाहेर काढू नये

गार केलेली बिअर खोलीच्या तापमानाला आली आणि पुन्हा गार केली, तर ती ‘फुटते’, असे अनेकांना वाटते. दुधाच्या अनुभवावरून ही समजूत झालेली असावी. प्रत्यक्षात एकदोनदा असे गार-गरम झाल्याने बिअरमध्ये काही विशेष घडत नाही. नुकसान होते ते एकूण किती काळ ती उष्णतेत राहिली, यामुळे. म्हणजे औषधांना किंवा भाजीला जागा करण्यासाठी बाटल्या शीतकपाटातून बाहेर काढून अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही. बिअर बिघडेल या भीतीने इन्सुलिनला अडगळीत ढकलणे, हा मात्र शुद्ध उलटा न्याय झाला. त्याविषयी पुढे सविस्तर पाहू.

समजूत चौथी : बाटली आडवी ठेवावी

हा नियम वाइनचा आहे. वाइनच्या बाटलीला लाकडी बूच असते. ते सुकले की आकसते आणि हवा आत शिरते. बूच ओले राहावे म्हणून ती बाटली आडवी ठेवतात. बिअरच्या बाटलीवर दातेरी कडेचे पत्र्याचे टोपण असते. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. या टोपणाला ओलाव्याची गरज नसते. उलट बाटली उभी असेल, तर आतील हवेचा बिअरशी संपर्क कमी पृष्ठभागावर होतो आणि गाळ असल्यास तो तळाशी राहतो. शिवाय आडव्या बाटल्या कपाट उघडताच घरंगळतात. थरथरणाऱ्या हातांना घरंगळणारी काच सावरणे अवघड जाते, हे कारणही काही कमी महत्त्वाचे नाही.

समजूत पाचवी : मुदत उलटली, की विष होते

बिअर जंतूंमुळे आंबते, हे लुई पाश्चर यांनी सप्रमाण दाखवले आणि १८७६ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आज बाटलीतील बहुतेक बिअर त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने उष्णता देऊन निर्जंतुक केलेली असते. त्याखेरीज तिच्यातील मद्यार्क, आम्लता, हॉपची द्रव्ये आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे रोगजंतू तिच्यात सहसा वाढत नाहीत. त्यामुळे टोपण शाबूत असलेल्या, मुदत उलटून महिना झालेल्या बाटलीतून कोणी घोटभर घेतले, तर घरच्यांनी धास्तावून जाण्याचे कारण नाही. अर्थात मुदत संपलेली, टोपण गंजलेली, गळणारी किंवा विचित्र वासाची बाटली ओतून द्यावी, हेच योग्य. त्या पैशांची हळहळ वाटून ती कोणी संपवू नये.

इथवरच्या समजुतींनी फार तर चव बिघडते. यापुढच्या समजुतींनी माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

समजूत सहावी : पटकन गार करायला बर्फाचा कप्पा उत्तम

पाणी गोठले, की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. सर्वसाधारण बिअर उणे २ ते उणे ३ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि बर्फाच्या कप्प्यात तापमान उणे १८ अंशांपर्यंत असते. घटकाभरासाठी ठेवलेली बाटली विसरली, की काच तडकते किंवा टोपण उडते. त्यातच आपल्याकडे काचेच्या बाटल्या गोळा करून पुनःपुन्हा भरल्या जातात. ओरखडे पडलेली काच मुळात थोडी दुबळी झालेली असते.

तरुण माणसाला यात झाडून काढण्याचे काम पडेल, इतकेच. वृद्धाच्या बाबतीत तसे नसते. दीर्घकालीन मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्या पायात रुतलेली काच त्यांना कळतही नाही आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर लहानसा कापही बराच वेळ वाहतो. म्हणून बाटली बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. घाई असेल, तर बर्फ घातलेल्या पाण्यात ती लवकर गार होते. काच फुटलीच, तर पायात चप्पल घालून, हाताने न उचलता मोठे तुकडे झाडूने गोळा करावेत आणि बारीक कण ओल्या वर्तमानपत्राने टिपून घ्यावेत.

समजूत सातवी : शीतकपाटात जागा असली, की झाले

सणासुदीला पाहुणे येणार म्हणून शीतकपाटात बाटल्या खच्चून भरल्या जातात. त्या वेळी इन्सुलिनची कुपी मागे, थेट बर्फाच्या कप्प्यालगत सरकते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि एकदा गोठले, की ते वितळल्यावरही वापरण्याजोगे राहत नाही. गोठून गेलेले इन्सुलिन दिसायला कित्येकदा पूर्वीसारखेच असते. मग साखर का वाढते आहे, याचा उलगडा आठवडाभर होत नाही.

म्हणून शीतकपाटात औषधांचा डबा वेगळा, मधल्या फळीवर आणि नाव लिहिलेला असावा. बाटल्या खालच्या फळीवर उभ्या ठेवाव्यात. दारातील खणात त्या ठेवू नयेत. दार उघडझाप होताना त्यांना हिसके बसतात, तिथे तापमानही सतत बदलते आणि जड बाटली हातून निसटण्याचा संभव असतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घरात असेल, तर तपकिरी बाटल्यांची मिसळ कटाक्षाने टाळावी आणि मद्य कुलपातच ठेवावे.

समजूत आठवी : फेस गेला, म्हणजे ‘दारू’ उतरली

अर्धी उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी सपक लागते. तिच्यातील ‘जोर’ गेला, आता ती सरबतासारखी घेतली तरी चालेल, असे काहींना वाटते. फेस हा कर्बवायूचा असतो आणि उडून जातो तो वायू. मद्यार्क जवळजवळ जिथल्या तिथेच असतो.

तो किती असतो, हेही पाहण्यासारखे आहे. ६५० मिलिलिटरच्या, ८ टक्के तीव्रतेच्या बाटलीत ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगात तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे अशी एक ‘साधी बिअर’ चार लहान पेगांच्या बरोबरीची झाली. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे पूर्वी सोसणाऱ्या मात्रेनेही रक्तातील मद्यार्काची पातळी अधिक चढते. झोपेच्या गोळ्यांबरोबर तो गुंगी वाढवतो आणि श्वासोच्छ्वास मंदावू शकतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर कित्येक तासांनंतर, अगदी पहाटेही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तेव्हाचा घाम, बरळणे आणि झोकांड्या पाहून घरचे ‘चढली असेल’ म्हणून झोपू देतात आणि तिथेच घात होतो. अशा वेळी साखर तपासावी. ती कमी असेल आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

उरलेली बाटली म्हणूनच ओतून द्यावी. ती झाकून, रबर लावून, जपून ठेवण्यासारखी वस्तू नाही.

समजूत नववी : मुतखड्यासाठी एखादी घरात असावी

बिअर साठवण्याचे हे कारण आपल्याकडे सर्वांत प्रतिष्ठित आहे. त्यामागचे निरीक्षण अगदीच निराधार नाही. बिअर घेतल्यावर लघवीला जास्त होते. परंतु त्याचे कारण असे, की शरीरातील पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला मद्यार्क रोखतो. काही वेळाने शरीर कोरडे पडू लागते. खडा बिअरमध्ये विरघळत नाही. उलट बिअरमधील प्युरीन द्रव्यांमुळे आणि मद्यार्कामुळे रक्तातील युरिक आम्ल वाढते. काही खडे याच आम्लाचे बनतात आणि सांध्यांचा गाउट हा विकारही त्यानेच उसळतो. ज्या वृद्ध पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, त्यांची लघवी अशा वेळी एकाएकी तुंबू शकते. रात्री अंधारात वारंवार उठताना तोल जाऊन पडण्याची भीती वेगळीच. लघवी वाढवायची, तर त्यासाठी स्वच्छ पाणी आहे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर तेही डॉक्टरांना विचारूनच वाढवावे. फडताळातील ‘औषधी’ बाटलीला निरोप द्यावा, हे उत्तम.

समजूत दहावी : रिकामी बाटली कामाला येते

काटकसर हा आपला गुण आहे; पण इथे तो जिवावर बेतू शकतो. रिकाम्या बाटलीत फिनेल, रॉकेल, शौचालयाचे ॲसिड किंवा झाडांवर फवारायचे औषध भरून ठेवण्याची पद्धत अजूनही आढळते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना मंद दिव्यात रंग आणि लेबल दिसत नाही. ओळखू येतो तो आकार. बाटली पिण्याची, म्हणून आतील द्रवही पिण्याचा, अशी खूणगाठ मनात पक्की झालेली असते. असे विषारी द्रव त्यांच्या मूळ डब्यातच ठेवावेत आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला द्यावी. दुर्दैवाने कोणी असे काही प्यायलेच, तर उलटी करवू नये. रॉकेल श्वासनलिकेत जाते आणि ॲसिड वर येताना अन्ननलिकेला दुसऱ्यांदा जाळते. ती बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे.

काळजीवाहकांसाठी दोन शब्द

थोडक्यात सांगायचे, तर बिअर घरात असेलच, तर ती उभी, अंधारात, थंड जागी आणि थोडे दिवस ठेवावी. बर्फाचा कप्पा, दाराचा खण, औषधांचा शेजार आणि रिकाम्या बाटलीचा पुनर्वापर ही चार स्थाने वर्ज्य मानावीत. महिन्यातून एकदा औषधांच्या तारखा पाहताना बाटल्यांच्याही पाहाव्यात.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. घरातील ज्येष्ठांना वर्षानुवर्षे रोज पिण्याची सवय असेल, तर हा लेख वाचून त्यांच्या बाटल्या एका रात्रीत नाहीशा करू नयेत. सवयीचे मद्य अचानक तुटले, तर कंप, भ्रम आणि झटकेही येऊ शकतात आणि वार्धक्यात ते प्राणावर बेततात. प्रमाण कमी करायचे, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणि हे बोलणे त्यांच्यापाशी उघडपणे, आदराने व्हावे. ‘बाबा, तुमच्या या गोळीबरोबर ही चालते का, ते आपण डॉक्टरांना विचारू या,’ एवढे वाक्य पुरेसे असते. ज्या घरात बाटली लपवावी लागत नाही, तिथे ती माळ्यावर उन्हात तापत नाही, इन्सुलिनच्या मागे दडत नाही आणि डॉक्टरांपासूनही लपून राहत नाही. बिअर नीट ठेवण्याची पहिली पायरी म्हणूनच तिच्याविषयी मोकळेपणाने बोलणे, ही आहे.